मॉरिशसच्या फॉर्मवर मराठी मुसलमान कुठे बसतो?

(शहापूर येथे शहापूर-मुरबाड तालुक्यांतील युवकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सॉफ्टवेअर कंपनीतला माणूस आला की मुलांना नोकरीबद्दल ऐकायचे असते, हे मला माहीत आहे. ते प्रश्नोत्तरांत घेऊ. आज मी एका देशाबद्दल बोलणार आहे. एका बँकेच्या प्रोजेक्टसाठी मी तिथे पाच महिने राहिलो. देशाचे नाव मॉरिशस.

नकाशात शोधायला वेळ लागतो. आफ्रिकेच्या पूर्वेला, मादागास्करच्याही पलीकडे, हिंदी महासागरात एक ठिपका आहे. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. पण तिथला दगड हातात घेतला तर तुम्हाला तो ओळखीचा वाटेल. माहुलीच्या सुळक्यांचा, नाणेघाटाच्या कड्याचा काळा दगड आहे ना, तोच बसाल्ट. ही नुसती दिसण्यातली सारखेपणाची गोष्ट नाही. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त ठिकाणावरून आपला दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, त्याच ठिकाणाने पुढे मॉरिशस घडवले. आपली जमीन उत्तरेकडे सरकत गेली, ते ठिकाण समुद्राखाली राहिले. आज त्यावर शेजारचे रियुनियन बेट आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. टोकावड्यात बसून ही गोष्ट कुणी सांगितली असती तर मी भूगोलात जास्त लक्ष दिले असते!

उसाच्या शेतांमधून जाताना जागोजाग या दगडांचे ढीग दिसतात. ते मजुरांनी हाताने वेचून रचले आहेत. या बेटावर मूळचा असा कुणीच नव्हता. १५९८ मध्ये डच आले, १७१५ मध्ये फ्रेंच, १८१० मध्ये इंग्रज. आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले. गुलामगिरी बंद होत आली तशी १८३४ पासून हिंदुस्थानातून कराराचे मजूर नेण्यात आले, पुढच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास. बहुसंख्य बिहारकडचे, काही तमिळ आणि तेलुगू. आणि मुंबई बंदरातून गेलेले आपल्याकडचे, कोकणातले, घाटावरचे. पोर्ट लुईला ते जिथे उतरत त्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या अजून आहेत. २००६ मध्ये ती जागा जागतिक वारसा ठरली. मजुरांच्या नोंदवह्या मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपल्या आहेत. नंबर, नाव, बापाचे नाव, गाव, जात. काहींच्या जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’ लिहिलेले असते. मी डेटाबेसवर पोट भरणारा माणूस, मला रकाने दिसले की थांबावेसे वाटते.

रोजचे जगणे म्हणाल तर मजेशीर मिसळ आहे. शाळेची पुस्तके इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंचमध्ये आणि बोलणे क्रिओलमध्ये. २०११ च्या जनगणनेत ८६ टक्क्यांहून अधिक लोकांनी घरची भाषा क्रिओल सांगितली. ‘की मान्येर?’ म्हणजे ‘कसं काय?’ सकाळी बसस्टॉपवर हिंदू, मुसलमान, चिनी, आफ्रिकी वंशाचे सगळे कागदात गुंडाळलेली दालपुरी खात उभे असतात. डिसेंबरात तिथे उन्हाळा, आंबा आणि लिची तेव्हा. मुसलमान सुमारे १७ टक्के. पोर्ट लुईची जुम्मा मशीद चायनाटाऊनला लागून आहे. ईदला सरकारी सुट्टी, गणेश चतुर्थीलाही सुट्टी. बिर्याणीला तिथे ‘ब्रियानी’ म्हणतात आणि ती देगेतच शिजते. अमीना गुरीब-फकीम या शास्त्रज्ञ बाई २०१५ मध्ये तिथल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या.

एवढे ऐकून वाटेल, छान आहे की! मलाही वाटले. मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारले, तू इंडियात कुठला? मी म्हणालो, महाराष्ट्रातला, मराठी. तो खूश झाला. तोही ‘मराठी’. त्याला मराठीची दहा-बारा वाक्ये येत होती, शाळेत विषय घेतला होता. दुपारी मी जुम्म्याला निघालो तेव्हा त्याला काही उमगेना. त्याने सरळ विचारले, ‘म्हणजे आई मराठी आणि वडील मुस्लिम, असं का?’

त्याच्या प्रश्नात वाकडे काही नव्हते. तिथे मराठी म्हणजे मराठी पूर्वजांचा हिंदू. मुसलमान ही वेगळी पेटी. आणि हे फक्त लोकांच्या डोक्यात नाही, राज्यघटनेत आहे. तिच्यात चार समाज धरले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि ज्याची राहणी या तिघांपैकी कुणासारखी वाटत नाही तो ‘जनरल पॉप्युलेशन’. संसदेत ६२ जण निवडून येतात. त्यानंतर ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या त्याच्या पराभूत उमेदवारांतून आठपर्यंत जागा भरतात. याला ‘बेस्ट लूजर’ पद्धत म्हणतात. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळताना अल्पसंख्याकांना, त्यात मुसलमानांनाही, भीती होती की आपला आवाज बुडेल. ती भीती खोटी नव्हती. या पद्धतीमुळे संसदेत मुसलमान दिसत राहिले, हेही मी मान्य करतो.

पण गंमत पाहा. हा हिशोब आजही १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण नंतरच्या जनगणनांतून समाजाचा प्रश्न काढून टाकला. पन्नास वर्षांहून जुन्या डेटावर चालणारी सिस्टीम आमच्या क्षेत्रात कुणी लाइव्ह ठेवणार नाही! ज्या उमेदवारांनी समाज लिहायला नकार दिला त्यांचे अर्ज बाद झाले. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने त्यांची बाजू उचलून धरली. २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली. पद्धत अजून आहे.

माझे म्हणणे एवढेच की संरक्षणासाठी केलेला रकाना काही काळाने माणसाला कापायला लागतो. माझा सहकारी घरी मराठी बोलत नाही तरी मराठी आहे. मी बोलतो, तरी तिथे बसत नाही.

आता आपल्याकडे या. ‘तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता’ हे वाक्य या हॉलमध्ये कुणी ऐकले नाही? हात वर करा. बघा, एकही नाही. हे ऐकून आपण हसतो, पण फॉर्म भरताना आपणही तेच करतो. धर्म इस्लाम, म्हणून मातृभाषा उर्दू. पुन्हा २०११ चे आकडे बघा: महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख, उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे निदान ५४ लाख मुसलमानांनी दुसरी कुठली तरी भाषा सांगितली होती. हे आपण कधी कुणाला सांगतो का?

येत्या २०२७ च्या जनगणनेत माहिती मोबाइलवरून स्वतःलाही भरता येणार आहे. २०११ च्या सूचनांत मातृभाषेचा अर्थ साधा होता: लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली ती. शिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषांची जागा होती. ज्यांच्या घरात खरोखर उर्दू आहे त्यांनी उर्दूच लिहावी, तिच्यात कमीपणा काही नाही. ज्यांची आई कोकणी बोलते त्यांनी कोकणी. पण किन्हवलीच्या, सरळगावच्या घरात आई ‘जेवलास का रं’ म्हणत असेल, तर तो रकाना कुणी तुमचे नाव ऐकून परस्पर भरू नये. मोजणीदार दारात आला की स्क्रीन बघायला मागा आणि काय लिहिले ते वाचा.