वाकलेली कंबर



१८०२ साली इंग्लंड व फ्रान्स यांच्यात तह झाला आणि इंग्लंडच्या विरोधी पक्षाचे पुढारी चार्ल्स फॉक्स पॅरिसला जाऊन नेपोलियनला भेटले. नोव्हेंबरात जेम्स गिलरे याचे व्यंगचित्र लंडनला प्रसिद्ध झाले : आसनस्थ नेपोलियनपुढे हातात टोपी घेऊन कमरेत वाकलेले लठ्ठ फॉक्स! परक्या सत्ताधीशाच्या खुशामतीवर याहून बोचरा आसूड विरळा.

मात्र खुद्द गिलरे याने १७९७ साली सरकारी तनखा पत्करला होता. तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींबरोबर मानही हलवीत आलेल्या आम्हांस म्हणूनच ते चित्र पाहून आधी हसू येते. मग हात नकळत स्वतःच्या कमरेकडे जातो.