अडकलेला दात, लपलेली गाठ

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, तिसऱ्या दिवशी दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



ज्याच्यासमोर आपण बसलो आहोत तो एकदंत. तेव्हा दंतवैद्याला बोलावण्यात मंडळाने औचित्य साधले आहे! हत्तीला जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यभरात एकामागून एक सहा दाढा येतात. पुढची झिजली की मागची सरकत येते. माणसाला ही सोय नाही. दुधाचे दात पडले की एकच संधी. त्यातली शेवटची, म्हणजे अक्कलदाढ, साधारण १७ ते २५ या वयात येते. तोवर पुष्कळांच्या जबड्यात जागाच उरलेली नसते. मग ती आडवी पडते, तिरकी होते किंवा हाडातच राहते. वरच्या सुळ्याचेही कधी कधी असेच होते.

‘दिसत नाही, दुखत नाही, मग बिघडले कुठे?’ असे आपण म्हणतो. बहुतेकांच्या बाबतीत खरोखरच काही बिघडत नाही. पण काहींच्या बिघडते, आणि तेही गुपचूप.

दाताचे डोके हाडात एका पातळ पिशवीच्या आत तयार होते. दात वर आला की या पिशवीचे काम संपते. दात अडकला तर ती तशीच राहते. कधी पिशवी आणि दात यांच्यामध्ये पाणी साचू लागते. पाण्याचा दाब वाढतो, भोवतालचे हाड विरघळते आणि पिशवी फुगत जाते. एक्स-रेमध्ये दाताच्या मानेपासून निघून डोक्याभोवती पसरलेला काळा फुगा दिसतो. याला डेंटिजेरस सिस्ट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेभोवती ती सर्वांत जास्त आढळते, त्याखालोखाल वरच्या सुळ्याभोवती.

दुसरी गाठ केराटोसिस्ट. ही हाडाच्या आतून लांबवर पसरते आणि काढल्यावरही पुन्हा उगवते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली हिला ट्यूमरच्या यादीत घातले आणि २०१७ साली परत सिस्टमध्ये आणले. नाव काहीही असो, रुग्णाला वर्षानुवर्षे तपासणीला यावे लागते.

तिसरी ओडोन्टोमा, म्हणजे दातांच्याच घटकांचा गोळा. २०१४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एका १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून २३२ लहानमोठे दात निघाले. २०१९ साली चेन्नईत सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६. ऐकायला नवल वाटते. पण ही गाठ साधी, काढली की सहसा परत येत नाही.

चौथी अमेलोब्लास्टोमा. ही सहसा कर्करोग नसते, पण हाडात मुळे पसरते. नुसती खरवडून काढली तर परत येण्याचा धोका मोठा, म्हणून बऱ्याचदा भोवतालचे चांगले हाडही काढावे लागते.

इथे एक कबुली देतो. ज्यांची ही हकीकत आहे, त्यांच्या परवानगीने. २००९ साली आपल्याच वसाहतीतला १९ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. खालच्या अक्कलदाढेपाशी हिरडी सुजली होती. मी गोळ्या दिल्या, छोटा एक्स-रे काढला. त्यात दाढेचा पुढचा भागच आला, मागचे हाड आलेच नाही. ‘सूज उतरली की ये, पूर्ण जबड्याचा फोटो काढू,’ म्हणालो. सूज उतरली, तो आला नाही, आणि मीही निरोप धाडला नाही. २०१५ साली तो आला तो गाल सुजलेला आणि दोन दाढा हलत असलेल्या अवस्थेत. दुखणे म्हणाल तर जवळपास नाही. फोटोत दाढेपासून कानापर्यंत हाड पोकळ. तुकड्याच्या तपासणीत अमेलोब्लास्टोमा. ठरलेले लग्न पुढे ढकलावे लागले. जबड्याचा एक भाग काढून तिथे पायाचे बारीक हाड बसवले. आज ते ठीक आहेत, पण खालचा ओठ एका बाजूला कायमचा बधिर आहे. २००९ मध्ये गाठ होती की नव्हती, हे आता सांगता येत नाही. पूर्ण फोटो काढला असता तर तेव्हाच कळले असते, एवढे मात्र खरे. तेव्हापासून माझ्याकडे परत न आलेल्यांची वही आहे आणि मी स्वतः फोन करतो.

म्हणून थोडे लक्षात ठेवा. मुलाचा एका बाजूचा दुधाचा दात पडून नवा आला आणि दुसऱ्या बाजूचा तसाच राहिला, किंवा १३-१४ वर्षांपर्यंत वरचा सुळा दिसला नाही, तर दाखवा. पंचविशीनंतरही अक्कलदाढ दिसत नसेल, तर एकदा पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी काढा. न दुखणारी सूज, विनाकारण हलणारा दात, ओठाला बधिरपणा किंवा तोंडात खारट स्राव आला, तर लवंगाच्या तेलावर दिवस काढू नका. दातासोबत पिशवी निघाली तर ‘डॉक्टर, ही तपासायला पाठवली का?’ असे जरूर विचारा. खरे निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

आणि घाबरून प्रत्येक अक्कलदाढ उपटायलाही धावू नका. ज्या दाढेभोवती काही विकार नाही, ती उगाच काढू नये, असे ब्रिटनच्या आरोग्यसेवेने २००० सालीच सांगितले आहे. अशा दाढेवर वेळोवेळी नजर ठेवावी. वरचा दात काढला की दृष्टी जाते, हाही निव्वळ गैरसमज. दातांच्या आणि डोळ्यांच्या नसा वेगळ्या.

आपण घर सोडून इतक्या लांब आलो. इथे आपली विचारपूस आपणच करायची. आरती झाल्यावर शेजाऱ्याला ‘मोदक घेतला का?’ विचारता, तसे ‘दात दाखवलास का?’ हेही विचारा. एवढे बोलून आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!