व्यवसाय : मजुरी

मित्रहो, आशाताई, आणि सातपुड्याचे घाट चढून मोलगीपर्यंत आलेल्या सहकाऱ्यांनो,

अध्यक्ष म्हणून बोलायचं ठरलं तेव्हा एक जुना केसपेपर डोळ्यांपुढे आला. पाड्यावरचा पन्नाशीचा माणूस. थुंकीत रक्त, खांद्यात कळ, बोटांची टोकं फुगून गोल झालेली. क्षयाच्या गोळ्यांचा कोर्स आधीच संपलेला. मी लिहिलं : 'बिडी, रोज एक कट्टा, तीस वर्षे.' व्यवसायापुढे लिहिलं : 'मजुरी.' फुप्फुसाचा कर्करोग निघाला आणि त्याचं कारण आपल्याला कळलं, असं मला वाटलं. निघताना त्याची बायको म्हणाली, "डॉक्टर, हे गुजरातेत दगड दळायच्या कारखान्यात होते. घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या."

मी विचारलंच नव्हतं. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० सालीच सांगून ठेवलं होतं, रोग्याला विचारा, तू काम काय करतोस?

बिडी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. जस्सावाला आणि जैन यांनी १९७९ मध्ये मुंबईच्या रुग्णांवरून दाखवलं की, बिडीचा धोका सिगारेटहून कमी नाही. पण धूर आणि धूळ एकाच छातीत गेली की काय होतं? अमेरिकेतल्या ॲस्बेस्टॉस कामगारांचा हिशोब आपण सर्वांनी पाठ करावा असा आहे. नुसत्या ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाचपट, नुसत्या सिगारेटने दहापट, दोन्ही मिळून पन्नासपटींच्या पुढे. तिथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दगडाच्या धुळीतली सिलिका १९९७ पासून निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. मुंबईत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखूचा परिणाम वजा केल्यावरही गिरणी कामगार आणि स्वयंपाकी यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग जास्त दिसला. स्वयंपाकी! मग धुरकट झोपडीत जन्मभर चुलीपुढे बसलेल्या, बिडीला कधी हातही न लावलेल्या आपल्या बायकांना आपण काय विचारतो?

नर्मदेपलीकडच्या अलिराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी गुजरातेतल्या गोध्रा-बालासिनोरच्या कारखान्यांत गारगोटी दळायला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख देण्याचा आदेश दिला. ती माणसं कुठे, काय काम करत होती हे कुणीतरी पाड्यापाड्यात फिरून लिहून घेतलं होतं, म्हणून हे झालं. कामगार भरपाईच्या कायद्यात सिलिकोसिस आहे, ॲस्बेस्टॉसमुळे झालेला फुप्फुसाचा कर्करोगही आहे. पण आमच्या कागदावर फक्त 'बिडी' असेल, तर मालक सुटतो आणि दोष मेलेल्या माणसाच्या माथी बसतो. याची मला फार चीड येते, आणि त्यात माझ्या अक्षरातला तो एक कागदही आहे.

आपल्याकडे एका माणसाचं एक काम नसतं. पावसाळ्यात शेती, दिवाळीनंतर ऊसतोड, मधली काही वर्षं खडी क्रशर किंवा वीटभट्टी. म्हणून 'मजुरी' हा शब्द आपण केसपेपरवर लिहायचाच नाही, अशी माझी विनंती आहे. कोणतं काम, कोणत्या गावी, किती हंगाम, धूळ किती उडायची, तोंडाला फडकं होतं का, एवढं लिहा.

होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला आणि होळीला बाहेर गेलेले सगळे परततात. मोलगीच्या ओपीडीत त्या आठवड्यात उभं राहायला जागा नसते. मी दोन दिवस इथे येऊन बसेन. आशाताईंनो, खोकणारा दिसला की आणा, आणि सोबत त्याच्या बायकोलाही आणा.