दारात कासव आलं तर

पावसाळ्यात सांताक्रूझच्या वाकोला-कलिना भागात एखाद्या सोसायटीच्या आवारात कासव सापडलं, तर ते बादलीत घालू नका. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असेल तर ते जमिनीवरचं कासव. खोल पाण्यात ते बुडून मरतं! डोळ्यांमागे लाल पट्टा असेल तर ते मूळचं अमेरिकेतलं, कुणीतरी पाळून टाकून दिलेलं. ते तलावात सोडणं हा पुण्याचा मार्ग नव्हे, कारण ते आपल्या देशी कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं. मागचे पाय पोटाखालच्या झडपांनी झाकणारं कासव मात्र आपल्या तळ्यांतलं.

चांदणीचं आणि झडपांचं, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. लक्ष्मी आली म्हणून घरात ठेवलं, तरी तो गुन्हाच. खोक्याला भोकं पाडा, आत कोरडं कापड अंथरा, सावलीत ठेवा. दूध-पोळी देऊ नका. आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जुहूच्या किनाऱ्यावर समुद्री कासव दिसलं, तरी हाच क्रमांक. त्याला परत लाटांत ढकलू नका, थकलेलं किंवा जखमी असल्यामुळेच ते बहुधा वाळूवर आलेलं असतं.