घरे हजारोंची, घर प्रत्येकाचे

गृहनिर्माणाचा प्रश्न सामान्यतः आकड्यांत मांडला जातो. घरे किती बांधली, किती बाकी राहिली, दर कुटुंबामागे किती चौरस फूट आले. हे आकडे क्षुल्लक नव्हेत. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनातील २२५ चौरस फुटांचे घर पुढे २६९ आणि २०१८ पासून ३०० चौरस फुटांचे झाले. त्या वाढीव फुटांचे मोल तेथे राहणाऱ्यालाच ठाऊक. परंतु त्या तीनशे फुटांची मांडणी कोणी ठरवायची, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही.

एकच नकाशा हजार वेळा गिरवला की खर्च वाचतो, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. पाया, सांगाडा, नळ, मलनिःसारण या गोष्टी एकत्रित केल्या तर खरोखरच बचत होते. आतील आडभिंत चार फूट इकडे की तिकडे, यात मात्र बचत नगण्य आणि नुकसान मोठे. शिवणयंत्र चालवणाऱ्या बाईला दाराशी उजेड हवा असतो, पापड लाटणारीला ओटा हवा असतो, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला मोरी जवळ हवी असते आणि दोन विवाहित मुलांच्या कुटुंबाला आडोसा हवा असतो. गरिबाचे घर हे केवळ उपभोगाचे नव्हे, तर उत्पादनाचेही साधन असते. ओटा गेला की रोजगार जातो. मग वाढलेल्या चौरस फुटांची भरपाई कोण करणार?

याला पर्याय नाही, असे मात्र नव्हे. इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी १९८०च्या दशकात सुमारे ६,५०० भूखंडांची आखणी केली. सर्वात लहान भूखंड ३५ चौरस मीटरचे. गरीब कुटुंबाला जोते, संडास-मोरीचा गाभा आणि फार तर एखादी खोली मिळे. पुढचे घर ते आपल्या ऐपतीने व गरजेने वाढवी. नवी मुंबईत बेलापूर येथे चार्ल्स कोरिया यांनी त्याच दशकात लहान अंगणांभोवती घरे रचली. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नसल्यामुळे आपल्या घरात बदल करण्यास कोणाचा अडसर नव्हता. चिलीतील इकिके येथे २००४ साली अलेहांद्रो अराव्हेना यांच्या गटाने ९३ कुटुंबांसाठी प्रत्येकी अर्धेच घर बांधले. कठीण तो अर्धा भाग सार्वजनिक पैशातून झाला, उरलेला कुटुंबांनी भरून काढला. बहुमजली इमारतीतही हे अशक्य नाही. सांगाडा समाजाचा आणि आतील भरणा रहिवाशाचा, हा विचार डच वास्तुविशारद जॉन हाब्राकेन यांनी १९६१ मध्येच मांडला होता.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. अर्धे घर देऊन शासन आपली अर्धी जबाबदारी झटकते आणि कष्टकऱ्याला सुटीच्या दिवशीही विटा वाहायला लावते. हा धोका खरा आहे. शिवाय बेलापूरची कित्येक मूळ घरे पाडून तेथे मोठी बांधकामे उभी राहिली आहेत. बदलाची मुभा दिली, पण जमिनीच्या किमतीला लगाम नसला, तर त्या मुभेचा लाभ अखेर पैसेवाल्याच्या पदरात पडतो.

म्हणून रहिवाशाचे स्वातंत्र्य आणि समाजाची जबाबदारी यांची फारकत होता कामा नये. जमिनीचा निर्वेध हक्क, मजबूत सांगाडा, पाणी, मलनिःसारण आणि अल्प व्याजाचे कर्ज या बाबतीत शासनाला तसूभरही सूट देऊ नये. भिंती, कप्पे, पोटमाळा, ओटा यांबाबत मात्र कुटुंबाचा शब्द अखेरचा असावा.

पुनर्वसनाच्या सभांत कार्यकर्ते क्षेत्रफळासाठी भांडतात, ते योग्यच आहे. त्याच सभेत नकाशा भिंतीवर टांगावा, खडूने जमिनीवर खोली आखावी आणि ती बायकांना व म्हाताऱ्यांना चालून पाहू द्यावी. चूल कोठे, यंत्र कोठे, अंथरूण कोठे, हे त्यांना सांगू द्यावे. संमतीच्या कागदावर अंगठा त्यानंतर उमटावा, आधी नव्हे. घर मिळणे हा हक्क आहे. ते कसे असावे हे सांगता येणे, हाही त्याच हक्काचा भाग आहे.