वेतनश्रेणी, प्रशिक्षण आणि यंत्राची दुरुस्ती
(नाचणगाव येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



नाचणगावापासून सेवाग्राम फार दूर नाही. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नयी तालीमची योजना आकाराला आली. पुढे सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने शिक्षक घडविले ते सूत आणि माती हाताळायला लावून, मुलांसमवेत राहायला लावून. त्याच जिल्ह्यातील शिक्षकाला आज प्रशिक्षण म्हटले की आठवते ती पडद्यावरची चित्रफीत आणि तिच्या शेवटी मिळणारे प्रमाणपत्र.

परंतु हा केवळ अध्यापनशास्त्राचा प्रश्न नाही; तो मुख्यतः वेतनाचा आहे. बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवडश्रेणी मिळते. निवडश्रेणी तर वीस टक्के पदांपुरतीच! या दोहोंसाठी प्रशिक्षण सक्तीचे आहे. प्रमाणपत्र अडले की वेतन अडते, आणि मूळ वेतन अडले की त्यावरचा महागाई भत्ताही अडतो.

2022 च्या जूनमध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने हे प्रशिक्षण इन्फोसिसच्या स्प्रिंगबोर्ड या मंचावर ऑनलाइन सुरू केले. सुमारे 94 हजार शिक्षकांनी नोंदणी केली होती. आरंभीच तांत्रिक अडचणी उद्भवल्या व प्रणालीत दुरुस्ती करावी लागली. यंत्र नवे असेल तर ते बिघडणारच, याबद्दल कोणी कांगावा करू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावच्या शिक्षकांना, विशेषतः लेकुरवाळ्या शिक्षिकांना, जिल्ह्याच्या ठिकाणी दहा दिवस मुक्काम करावा लागत नाही, ही ऑनलाइन पद्धतीची सोय खरीच आहे. यंत्राला विरोध हे समाजवाद्यांचे काम नव्हे. यंत्राच्या बिघाडाचा भार कोणी उचलायचा, एवढाच वादाचा मुद्दा आहे. कारखान्यात माग बंद पडला तर मजुराची हजेरी कापू नये, यासाठी कामगार चळवळीने लढे दिले. मग प्रणाली अद्ययावत होईपर्यंत शिक्षकाने का थांबावे?

आणखी एक हिशेब आहे. प्रत्येक प्रशिक्षणार्थीकडून दोन हजार रुपये शुल्क घेण्यात आले. 94 हजारांना दोन हजारांनी गुणले की 18 कोटी 80 लाख रुपये होतात. स्प्रिंगबोर्ड हा मंच तर सर्वसामान्यांना विनामूल्य खुला आहे! मालकाने सक्तीने लावलेल्या प्रशिक्षणाचा खर्च नोकराने सोसावा, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते? शुल्काचा विनियोग कसा झाला, हे विधिमंडळात विचारले पाहिजे.

2025 च्या जूनमध्ये हेच प्रशिक्षण पुन्हा प्रत्यक्ष वर्गांत घेण्यात आले. तथापि ऑनलाइन सक्ती त्यामुळे संपत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाकडून वर्षाला पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे, आणि 2017 मध्ये सुरू झालेले दीक्षा हे त्याचे मोठे साधन आहे. म्हणजे प्रणाली पुनःपुन्हा बदलत राहणार.

म्हणून कार्यकर्त्यांनी शिक्षक संघटनांना बरोबर घेऊन तीन मागण्या लावून धरायच्या आहेत. विलंब प्रणालीमुळे झाला असेल तर लाभ सेवा पूर्ण झाल्याच्या तारखेपासूनच मिळावा. शुल्क रद्द व्हावे. आणि प्रणालीत कोणताही बदल करण्यापूर्वी तो वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकांना दाखवून त्यांचे म्हणणे लेखी घ्यावे. त्यात एका वर्गखोलीत दोन इयत्ता सांभाळणारा खेड्यातील शिक्षक असलाच पाहिजे. येत्या पंधरवड्यात देवळी तालुक्यातील शाळाशाळांतून ज्यांची वेतनश्रेणी अडली आहे अशा शिक्षकांची यादी तयार करून ती वर्ध्याला शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी.