लहान पेटीतला खर्ज

श्रोतेहो, बदलीच्या नोकरीत गावे बदलतात, परंतु सरकारी निवासातील बैठकीचे माप फारसे बदलत नाही. पुस्तकांचे कपाट, दिवाण आणि माझ्या वडिलांचा तंबोरा एवढे मांडून झाले की, संगीत ऐकण्याच्या यंत्रासाठी कपाटातला एखादा खण काय तो उरतो. त्या खणात मावतील असे ध्वनिक्षेपक, म्हणजे ज्यांना आपण स्पीकर म्हणतो ते, कसे पारखावेत, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

माझा पहिला अनुभव फजितीचा आहे. दुकानात विक्रेत्याने ढोलांची एक गर्जना ऐकविली. एवढ्याशा पेटीतून एवढा मेघनाद! मी भारावून गेलो आणि जोडी घरी आणली. वडील हौशी गायक होते. त्यांच्या पश्चात त्यांच्या गाण्याची एकच ध्वनिफीत आमच्यापाशी उरली आहे. ती लावली. आई सुपारी कातरीत बसली होती. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "ह्यांना सर्दी झालीय का रे?"

आईच्या त्या एका प्रश्नात ध्वनिशास्त्राचा एक धडा होता. खालचे स्वर उत्पन्न करण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते. स्वर एक सप्तक खाली गेला की, तेवढ्याच तीव्रतेसाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे सरकावे लागते. लहान पडद्याला हे झेपत नाही. त्यावर दोन तोडगे आहेत. एक बंद पेटीचा. एडगर विल्चर यांनी अमेरिकेत १९५४ मध्ये पेटीत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल स्वर काढून दाखविले. दुसरा तोडगा पेटीला नळी बसविण्याचा. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता ती घुमते, तशी ही पेटी एका ठरावीक स्वराच्या आसपास घुमते आणि खर्जाला हातभार लावते. त्या स्वराखाली मात्र तिचा आवाज झपाट्याने कोसळतो. नळीची पेटी वाईट, असे मुळीच नव्हे. परंतु माझी पेटी दुकानात ग्राहकाला दिपविण्यासाठीच जुळविलेली असावी. त्यात मी ती भिंतीलगतच्या खणात कोंबली. भिंतीच्या सान्निध्याने खालचे स्वर आणखी फुगतात. वडिलांचा गळा त्या फुगवट्यात बुडाला होता.

पुढे एका स्नेह्यांनी आपली बंद पेट्यांची जुनी जोडी ऐकावयास दिली. ती एलएस ३/५ए या जातीची होती. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात, बाह्यप्रक्षेपणाच्या अरुंद मोटारगाडीत बसून काम करणाऱ्यांसाठी ही रचना केली. उंची सुमारे एक फूट, आतली जागा अवघी पाच लिटरची. गर्जना तिला साधत नाही. माणसाचा आवाज माणसासारखा यावा, एवढीच तिची प्रतिज्ञा.

मग खर्जाचे काय? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज दर सेकंदास सुमारे १३८ कंपनांचा, आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ कंपनांचा. तेथे या लहान पेटीची शक्ती ओसरू लागते. तरीही खर्ज ऐकू येतो! कारण जवारी लागलेली तार १३८, २०७, २७६ असे आपले सारे उपस्वर सोडीत असते, आणि त्यांच्यातील अंतरावरून आपला मेंदू मूळ स्वर भरून काढतो. जुन्या टेलिफोनवर तीनशे कंपनांखालचे काहीच येत नसे. तरी पलीकडून वडील बोलत आहेत हे आपण ओळखत होतोच. उणीव कान भरून काढतो. फुगवटा मात्र त्याला वजा करता येत नाही. लहान पेटीच्या निवडीचे सारे मर्म मला येथे दिसते.

म्हणून श्रोतेहो, दोन जोड्या ताडून पाहताना दोन्हींचा आवाज प्रथम सारखा करून घ्यावा; कारण जो किंचित मोठा वाजतो, तोच कानाला सरस वाटतो. पेट्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे, बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवाव्यात. डग्ग्याची घुमार आणि त्यावरची थाप वेगवेगळी कळते का, ते ऐकावे. आणि दुकानदाराची गर्जना त्याच्यापाशीच राहू देऊन, आपल्या ओळखीचा एखादा गळा बरोबर न्यावा.

त्या संध्याकाळी स्नेह्यांच्या पेट्या तिवईवर मांडून मी तीच ध्वनिफीत पुन्हा लावली. आई काही बोलली नाही. अडकित्ता मात्र थांबला, आणि गाणे संपेपर्यंत थांबूनच राहिला.